स्वस्तात कोरिया करायचाय? मग या चुका टाळा

सुवनला मी पाच वर्षं नोकरी केली. सोलच्या दक्षिणेला, मेट्रोने तासाभरावरचं गाव. त्यामुळे पुण्याहून कोरिया बघायला निघालेला प्रत्येक जण "दोन दिवस तुझ्याकडे टेकतो" म्हणत यायचा. आता मी परत येऊन तळेगावात स्थिरावलोय, तरी फोन थांबलेले नाहीत. आणि फोन येतो कधी? विमानाच्या आदल्या रात्री. "अरे, स्वस्तातलं काय ते पटकन सांग." पटकन सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते पटकन होणारं नाही: हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचायला शिका.

हे ऐकलं की समोरचा हसतो. पापागो आहे ना, कॅमेरा धरला की भाषांतर होतं! होतं, मान्य. पण कॅमेरा कशावर धरायचा हे कळायला आधी शंका यावी लागते. माझ्या भाच्याला ती आलीच नाही.

भाचा आणि त्याचा मित्र, दोघंही चित्रकलेचे विद्यार्थी. ग्वांगजूचं बिएनाले बघायचं म्हणून आले होते. 1995 पासून भरणारं हे मोठं प्रदर्शन आहे, हौस योग्यच होती. तीन रात्रींची खोली त्यांनी भारतातूनच बुक केली होती, बाकीच्यांच्या निम्म्या भावात, पैसे परत न मिळण्याच्या अटीवर. माझ्याकडे दोन दिवस जेवले, सकाळी सोलच्या योंगसान स्टेशनला गेले, माणशी 46,800 वॉन मोजून केटीएक्स या वेगवान गाडीने दोनेक तासांत ग्वांगजू-सोंगजंगला उतरले. दिवसभर प्रदर्शन पाहिलं. रात्री टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला. टॅक्सीवाला आधी हसला, मग हसायचं थांबून त्याने स्वतःच फोन लावायची खूण केली. साडेनऊला मला फोन.

कोरियात ग्वांगजू दोन आहेत. एक दक्षिणेतलं महानगर, जिथे ही पोरं उभी होती. दुसरं ग्यंगगी प्रांतातलं, सोलच्या जवळ, माझ्या घरापासून तासाभरावर. रोमन लिपीत दोन्ही सारखीच दिसतात, आणि कोरियनमध्येही. ज्या खोलीचे पैसे भरले होते ती माझ्या शेजारच्या गावात रिकामी पडली होती आणि पाहुणे अडीचशे किलोमीटर लांब फुटपाथवर बॅगा घेऊन उभे. त्या रात्री स्टेशनजवळ मिळेल त्या मोटेलात राहिले, तेही सांगेल त्या भावाने. बाकीच्या दोन रात्रीही तिथेच काढल्या. स्वस्त खोली त्यांना महागड्या खोलीच्या दीडपट पडली.

आता यातली गंमत अशी की पत्ता त्यांच्या खिशात तीन आठवडे होता, कोरियन लिपीत. कोरियन पत्ता आपल्या उलट लिहितात. आपण घर क्रमांकापासून सुरू करून जिल्ह्यापर्यंत जातो. तिथे आधी प्रांत किंवा महानगर, मग शहर, मग रस्ता आणि शेवटी क्रमांक. म्हणजे पहिला शब्द वाचला तरी काम झालं. ग्यंगगी. दोन अक्षरं! त्या दोन अक्षरांचे त्यांनी किती वॉन भरले याचा हिशोब मी त्यांना कागदावर करून दिला. बहीण अजून त्याबद्दल बोलते.

हांगुल अवघड नाही. सेजोंग राजाने 1446 मध्ये ती जाहीर केली तीच मुळी साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. आजच्या हांगुलात मूलभूत व्यंजनं 14, स्वर 10. आपल्याला तर ती इंग्रज माणसापेक्षा सोपी जाते, कारण व्यंजनाला स्वर चिकटवून एक अक्षर करायचं हे आपण बालवाडीपासून करतोय. तिथे काना-मात्रा शेजारी किंवा खाली बसतात आणि शेवटचं अर्धं व्यंजन तळाला जातं, एवढाच फरक. दोन रविवार पुरे. मी स्वतः मेट्रोचा नकाशा घेऊन बसलो होतो: रोज एक लाइन, स्टेशनांची नावं मोठ्याने. रोमन स्पेलिंगवर विसंबू नका. त्यातला "ईओ" पाहून आपली माणसं "सेओल, म्येओंगडोंग" असलं काहीतरी म्हणतात, आणि तिथल्या कुणाला ओ का ठो कळत नाही. तो स्वर आपल्या "अ" आणि "ऑ"च्या मधला आहे. म्यंगडोंग (सोलमधला बाजाराचा भाग) म्हणा, टॅक्सीवाला मान डोलावेल.

वाचता यायला लागलं की अर्थ कळलाच पाहिजे असं नाही. वीसेक शब्द पाठ असले की झालं. छुल्गू म्हणजे बाहेर जायचा रस्ता. मुर्यो म्हणजे फुकट. ह्यूमू म्हणजे आज बंद. आणि हॉटेलच्या भिंतीवर पाण्याच्या पुढे "सेल्फ" लिहिलेलं असतं, म्हणजे कोपऱ्यातल्या यंत्रातून आपलं आपण घ्या, फुकट. हे न वाचता पाण्याची वाट बघत बसलेली आणि शेवटी बाहेर जाऊन बाटली विकत आणणारी मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत.

"नो मीट" म्हणून निश्चिंत होणं

ही माझी दुसरी दुखरी नस. नाशिकची मावशी आली होती, अंड्यालाही हात न लावणारी. तिला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं की "गोगी" म्हणजे मांस, "गोगी नको" म्हटलं की काम झालं. बुसानला एका दुकानात तिने किंबाप मागितला. भाताची गुंडाळी, आत भाज्या, बाहेर समुद्री शेवाळ. गोगी नको म्हणाली, मालकीणबाईंनी तोंड भरून होकार दिला, आणि दिला तो नेहमीचाच किंबाप: हॅमची पट्टी, माशाच्या लगद्याची वडी आणि ऑम्लेट, सगळं जागच्या जागी. मालकीणबाईंनी फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी गोगी म्हणजे तव्यावर भाजायचा डुकराचा किंवा गाईचा तुकडा. हॅम ही त्यांच्यासाठी निराळी वस्तू, आणि मासा तर मांसात मोजतच नाहीत.

त्या माशाच्या वडीला कोरियनमध्ये म्हणतात अमुक. हो, अमुक. बुसानची ती खासियत आहे. मावशीला मी त्या दिवशी वाक्य पाठ करून दिलं: "हॅम, अमुक, केरान प्पे जुसेयो", म्हणजे हॅम, माशाची वडी, अंडं काढून द्या. पुढचे आठ दिवस ती दुकानात शिरताना "अमुक नको, तमुक नको" असं पुटपुटत जायची आणि उपाशी राहिली नाही. नकार द्यायचा तर एकेका जिन्नसाचं नाव घेऊन द्यायचा.

रस्सा मात्र नावं घेऊनही सुटत नाही. त्वेनजांग जिगे दिसायला आपल्या आमटीसारखी, पण पाणी बहुतेक वेळा सुकट उकळलेलं असतं. किमचीत बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. कडक पाळणाऱ्यांनी देवळांच्या आसपास जेवावं. बौद्ध मठाच्या स्वयंपाकात मांस-मासा नाहीच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मासवाल्यांचीही सोय होते. तितकं कडक न पाळणाऱ्यांनी पहिल्या दिवशी मांसरहित बिबिंबापवर, म्हणजे भाज्या कालवलेल्या भातावर, सुरुवात करावी आणि ट्रॉलीभर थेपले नेऊ नयेत. ताजी फळं तर नेऊच नका, हापूसची पेटी विमानतळावरच राहील.

एकटे असाल तर आणखी एक. भाजून खायच्या मांसाच्या ठिकाणी बहुतेक वेळा दोन माणसांचं घ्यावंच लागतं, "ई-इनबुन" लिहिलेलं असतं. हट्टाने आत जाऊन दोघांचे पैसे भरण्यापेक्षा वाटीतला भात-रस्सा देणारी दुकानं शोधा, किंवा गेस्टहाउसमधला कुणीतरी जोडीला घ्या. सोबत येणाऱ्या वाट्या, म्हणजे बानछान, फुकट असतात आणि पुन्हा मागता येतात. टीप देऊ नका. कुणी मागत नाही, आणि ठेवलीत तर तुमचे पैसे राहिले म्हणून मागे धावत येतील.

प्रवासातल्या बारीकसारीक गळत्या

विमानतळावरून एक्सप्रेस गाडी घेणं. सोलमधल्या होंगदेला उतरायचं असेल तर ही गाडी तिथे थांबतच नाही. थेट सोल स्टेशनला नेते आणि तुम्ही उलटे परत येता. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी पंधरा-वीस मिनिटं जास्त घेते आणि भाडं निम्म्याहून कमी. ती वीस मिनिटं वाचवून तुम्ही करणार काय, खोली तर दुपारी तीनला मिळते.

टीमनी, म्हणजे बस-मेट्रोचं पैसे भरून वापरायचं कार्ड, कुठल्याही सोयीच्या दुकानात मिळतं. भरायला रोख नोटा ठेवा, स्टेशनातल्या यंत्राला आपलं क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही. माणशी एक कार्ड. आणि बसमधून *उतरतानाही* टेकवा! उतरताना टेकवलं आणि अर्ध्या तासात मेट्रो पकडली तर नवं तिकीट लागत नाही, फक्त अंतराचा फरक जातो. आपल्याकडे उतरताना काही करायची सवय नाही, म्हणून दहातले नऊ जण विसरतात आणि संध्याकाळी कार्ड रिकामं का झालं म्हणून मला विचारतात.

गुगल मॅप. कोरियन सरकारने 1:5000 चा तपशीलवार नकाशा देशाबाहेर नेऊ देण्यात वर्षानुवर्षं खळखळ केली, त्यामुळे माझ्या काळात त्यावर चालायचा रस्ताच दिसायचा नाही. तो दाखवायचा तुम्ही डोंगराच्या कुठल्या बाजूला आहात, बस. नेव्हर मॅप (Naver, कोरियन नकाशा अ‍ॅप) टाकून घ्या. मेट्रोच्या कितव्या दारातून बाहेर पडायचं तेही त्यात असतं, आणि मोठ्या स्टेशनात चुकीच्या दाराने निघालात तर बॅग ओढत दोन सिग्नल जास्त.

सोल ते बुसान केटीएक्स 59,800 वॉन, अडीच तास. तोच प्रवास मुगुंगह्वा गाडीने 28,600, साडेपाच तास. हजार वॉन म्हणजे साधारण साठ-पासष्ट रुपये धरा. मी मुगुंगह्वाच घ्यायचो. खिडकीतून देश तरी दिसतो.

सल्लाल आणि छुसोक या दोन सणांच्या सुट्टीत पहिली वारी करू नका; गाड्या भरलेल्या, घरगुती खानावळी बंद. ग्यंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो, छांगदकगुंग सोमवारी. रुपये तिथे बदलायला नेऊ नका. डॉलर न्या आणि म्यंगडोंगच्या गल्लीत बदला, विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते. के-ईटीए, म्हणजे व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची ऑनलाइन परवानगी, भारतीय पासपोर्टला लागू नाही, आपल्याला व्हिसाच लागतो. ते भरून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांना पैसे देऊ नका.

परत निघताना टीमनीत दोन-चार हजार वॉन उरतातच. पाहुणे ते कार्ड माझ्या टेबलावर टाकून जायचे, माझ्या ड्रॉवरमध्ये अशी सात कार्डं आहेत, सगळ्यांत थोडे थोडे पैसे. कुणी निघणार असेल तर तळेगावात येऊन एक घेऊन जा. फक्त आधी कागदावर "ग्यंगगी" लिहून देईन, ते वाचून दाखवायचं.