जुन्या पापाची लाज: क्षमा कशी मागावी आणि ती कशी स्वीकारावी

देव क्षमा करतो हे लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या ख्रिस्ती माणसालाही, आपल्या हातून घडलेल्या एका विशिष्ट कृत्याला ती क्षमा लागू पडेल असे वाटत नाही, हा अनुभव मंडळ्यांमध्ये (चर्चच्या समुदायांत) फार सर्रास आढळतो. रविवारच्या उपासनेत तो सर्वांबरोबर पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो, प्रभुभोजनही घेतो, आणि घरी परतताना जुने ओझे जसेच्या तसे त्याच्या खांद्यावर असते. याचे कारण श्रद्धा कमी पडली हेच असते असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा सर्वसाधारण पापांची सर्वसाधारण क्षमा मागितली जाते आणि मनाला टोचणाऱ्या त्या एका कृत्याचे नाव मात्र देवासमोरही कधी घेतले जात नाही. पुढचे मार्गदर्शन त्या एका कृत्यापुरते आहे.

प्रारंभी, लाज नेमकी कशाची वाटते आहे याची छाननी करावी, कारण लाज आणि अपराध नेहमी एकत्र असतातच असे नाही. बालपणी कोणी केलेला अत्याचार, नवऱ्याने टाकून दिल्याचे दुःख, मूल न होणे, धंद्यात आलेली खोट किंवा घरातील कोणाचे व्यसन, या सर्वांची माणसाला खोल लाज वाटू शकते. पण यांतले काहीही त्याने केलेले पाप नाही आणि त्यासाठी क्षमा मागण्याचा प्रश्नच येत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, आणि प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान, अध्याय 9). पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले तेव्हा विधवेला पतीच्या मृत्यूचा दोष तिच्या पूर्वजन्मीच्या पापावर टाकून ऐकवला जात होता, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात ज्या स्त्रिया आल्या त्यांच्यापैकी अनेकींच्या माथी इतरांच्या अपराधाचीच लाज मारलेली होती. तुमची लाज अशी असेल, तर तुम्हाला सांत्वन, सुरक्षितता आणि न्याय यांची गरज आहे. अशा माणसाला ‘पश्चात्ताप कर’ असे सांगणारा पाळक (मंडळीचा धर्मगुरू) असला तरी तो चुकतो, हे मी स्पष्टपणे लिहितो.

छाननी झाल्यावर जे खरोखर आपण केले तेवढे उरते, आणि त्याचे नाव घ्यायचे असते. इस्राएलचा राजा दावीद याने बथशेबेला घेतले, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, युद्धात मारवले, आणि मूल जन्माला येईपर्यंतचे महिने तो गप्प राहिला. नाथान संदेष्ट्याने येऊन ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे तोंडावर सांगितले तेव्हा कुठे त्याचे तोंड उघडले. त्या गप्प राहण्याने हाडे झिजतात, असे बायबलमधील बत्तिसावे स्तोत्र सांगते, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे काही लपवले आहे त्यांना हे वर्णन अतिशयोक्त वाटणार नाही. म्हणून एकांतात बसून, कागद घेऊन, घडले ते एका वाक्यात लिहावे. ‘पैशांच्या बाबतीत माझे थोडे चुकले’ असे लिहू नये. ‘वडील इस्पितळात असताना मी त्यांच्या खात्यातून चाळीस हजार काढले आणि भावाला ते औषधांना लागले म्हणून सांगितले’ असे लिहावे. वाक्यात कर्ता आपण असावे, कृत्य दिसावे आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूसही दिसावा. परिस्थिती कशी होती, कोणी भरीला घातले, वय काय होते, हे सारे खरे असू शकते आणि देवाला ते ठाऊकही असते. पण ते वेगळ्या परिच्छेदात लिहावे, कबुलीत मिसळू नये. त्यानंतर एकावन्नावे स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचावे आणि जिथे दावीद ‘माझे अपराध’ म्हणतो तिथे थांबून आपले ते वाक्य उच्चारावे. काम झाल्यावर तो कागद फाडून टाकावा, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हाती पडण्यात कोणाचेही हित नसते.

आता स्वीकारण्याचा भाग येतो, आणि माझ्या मते बहुतेक जण इथेच अडतात. योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) म्हटले आहे की आपण आपली पापे पदरी घेतली, तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे त्यांची क्षमा करील. या वचनाचा भार आपल्या रडण्यावर किंवा पश्चात्तापाच्या तीव्रतेवर नाही. तो देवाच्या विश्वसनीयतेवर आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर भरलेल्या किमतीवर आहे. म्हणून प्रार्थनेनंतर मन हलके झाले नाही, तरी क्षमा मिळाली नाही असा अर्थ काढू नये. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मात्र पुढे कितीतरी वर्षांनी गवसला, असे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. इतक्या मोठ्या विदुषीला समजायला वेळ लागला, तर आपल्याला एका रात्रीत सारे उमगावे असा हट्ट धरू नये.

येशूचा शिष्य पेत्र याची कथा या बाबतीत बारकाईने वाचण्यासारखी आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात थंडीमुळे कोळशांचा विस्तव पेटवला होता. त्याच्याशी शेकत उभा असताना पेत्राने येशूला तीन वेळा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी, रात्रभर जाळे टाकून थकलेले शिष्य किनाऱ्याला आले, तेव्हा त्यांना पुन्हा कोळशांचा विस्तव दिसला. त्यावर मासळी ठेवलेली होती आणि भाकरही होती. प्रभूने आधी त्यांना जेवू घातले. जेवण झाल्यावर त्याने पेत्राला ‘तू असे का केलेस’ असे विचारले नाही. ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय’ असे तीन वेळा विचारले, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची काळजी घेण्याचे काम सोपवले. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असे शुभवर्तमान नोंदवते. म्हणजे जखमेला हात लागला, ती झाकून ठेवली गेली नाही. पण हात लागला तो जेवू घातल्यानंतर, आणि काम देता देता. ज्यांना वाटते की आपण देवाजवळ जाण्याच्या लायकीचे झालो की मग प्रार्थना करू, त्यांनी योहानाचा एकविसावा अध्याय याच क्रमाने वाचावा.

देवाने क्षमा केल्यावरही लाज रेंगाळते, कारण ती गुप्ततेवर पोसली जाते. ‘एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा’ असे याकोब लिहितो (5:16), आणि हा सल्ला आपल्याकडे फारसा पाळला जात नाही. कॅथलिक व्यक्तीसाठी यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात: सदसद्विवेकाची तपासणी करून फादरांकडे जावे, हा संस्कार शेवटचा साधारण कधी घेतला ते सांगावे, पापे स्पष्ट शब्दांत सांगावीत, पापमुक्तीचे शब्द ऐकावेत आणि दिलेले प्रायश्चित्त पार पाडावे. तिथे ऐकलेले बाहेर सांगणे धर्मगुरूला चर्चच्या कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा संस्कार नसला तरी पाळकाशी किंवा एखाद्या परिपक्व विश्वासू व्यक्तीशी खासगीत बोलण्याची मोकळीक असतेच. माणूस निवडताना एक कसोटी लावावी: इतरांची गुपिते तो तुमच्यासमोर कधी बोलला आहे काय? बोलला असेल, तर दुसरा शोधावा, हवे तर दुसऱ्या गावचा. साक्षीच्या सभेत, भारावलेल्या क्षणी, सर्वांसमोर सारे सांगून टाकू नये. लहान मंडळीत ती गोष्ट वर्षानुवर्षे फिरत राहते आणि तिच्यात गुंतलेल्या इतरांची अब्रूही त्यात जाते.

भरपाई टाळता येत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात (गणना 5:7) कबुलीबरोबर पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत करायला सांगितले आहे. म्हणजे चाळीस हजार घेतले असतील तर अठ्ठेचाळीस हजार द्यावेत. यरीहोच्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट देण्याचे कबूल केले, मात्र ते येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यानंतर. भरपाई ही क्षमेची किंमत नसून तिचे फळ आहे. एकरकमी शक्य नसेल, तर हप्ते ठरवून लेखी द्यावे. मात्र माफी मागण्यापूर्वी विचार करावा की ती कोणाच्या हिताची आहे. जिच्यावर तुम्ही अन्याय केला ती स्त्री आज सुखाने संसार करत असेल, तर तिच्या दारात जाऊन आपले मन हलके करणे हा दुसरा अन्याय ठरू शकतो; अशा ठिकाणी आधी पाळकाचा सल्ला घ्यावा. गुन्हा कायद्याच्या कक्षेत येत असेल, तर वकिलाला भेटून परिणामांना सामोरे जावे. दावीदालाही क्षमा मिळाली आणि परिणाम मात्र चुकले नाहीत.

आठवण पुन्हा वर आली, तर तेच पाप पुन्हा नव्याने कबूल करत बसू नये. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात असताना तासन्‌तास पापे सांगत असे आणि तरी त्याला शांती मिळत नसे; त्याचे गुरू श्टाउपिट्झ त्याला स्वतःकडून ख्रिस्ताकडे पाहायला सांगत. आठवण आली की रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायाचे पहिले वचन (ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही) मोठ्याने म्हणावे, या पापाची क्षमा झाली आहे असे सांगून देवाचे आभार मानावेत आणि हातातल्या कामाला लागावे. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर हे प्रार्थनेपुरते ठेवू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी निःशुल्क बोलता येते, आणि मानसोपचार घेणे अविश्वासाचे लक्षण नाही.

ज्याचा अपराध केला त्याने क्षमा नाकारली, तर ते सोसावे. त्याच्यावर वचनांचा मारा करू नये, ‘तू ख्रिस्ती आहेस ना’ असे म्हणू नये आणि नातेवाइकांकरवी दबावही आणू नये. क्षमा करण्याचा त्याचा हिशेब देवापाशी आहे आणि त्याला त्याचा वेळ लागेल. तोवर भरपाईचे हप्ते ठरल्या तारखेला पोहोचते करावेत आणि रोजच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे.