जाळ चालेल, धूर नको: परदेशातल्या होस्टेलात अंड्याचा रस्सा

एप्रिल-मेमध्ये पेठेत चटणी कुटायची घाई सुरू झाली की कुणाचा तरी भाचा नाही तर कुणाची तरी पुतणी मला हमखास गाठते. परदेशी निघालेली असतात, दोन-चार महिने होस्टेलात काढायचे असतात आणि प्रश्न एकच: "दादा, तिकडं रस्सा होतो का?"

होतो. मी तीन वर्षं आठ-आठ, दहा-दहा खाटांच्या खोल्यांतून काढली आहेत आणि आठवड्यातून दोनदा तरी रस्सा केलेला आहे. फक्त इंटरनेटवरचे सल्ले वाचून करू नका. ते देणाऱ्यांनी एक तर कधी फोडणी दिलेली नसते, नाही तर कधी होस्टेल बघितलेलं नसतं. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं तिखट. इडलीबरोबरची नव्हे.)

चटणी न्यायची

पाव किलो. आई दोन किलो भरेल, पावणेदोन किलो परत काढून ठेवा. एका पातेल्याला एक मोठा चमचा लागतो, आठवड्यातून तीनदा रस्सा केला तरी पाव किलो दोन महिने पुरते. प्लास्टिकची बरणी, तोंडावर प्लास्टिकचा कागद, वर झाकण, वर दोन पिशव्या. हे सगळं मोठ्या बॅगेत. तिखट हातातल्या बॅगेत ठेवलंत तर विमानतळावर काढून घेतात. खोबऱ्याची अखंड वाटी कुठल्याच बॅगेत नको, तेलामुळं ती पेट घेणारी वस्तू धरतात.

युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये भारतातून मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणार असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरतानाच्या फॉर्मवर सांगा. न्यूझीलंडमध्ये न सांगता काही सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड आहे. सांगितलंत तर फार तर बरणी ठेवून घेतील. वाईट वाटेल, पण ४०० डॉलरचं नाही.

बाजार

अंडी, कांदे, लसूण, डब्यातला टोमॅटो, नारळाच्या दुधाचा छोटा डबा. मीठ आणि तेल बहुतेक होस्टेलांत फुकटच्या फळीवर मिळतं, आधीचे पाहुणे जाताना ठेवून गेलेले असतात. बिननावाच्या बरणीतलं मीठ चाखून बघा, ती साखर असू शकते. दाण्याचं कूट नेऊ नका. शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असणारी माणसं तिथं त्याच पातेल्यात, त्याच चमच्यानं स्वयंपाक करत असतात.

वेळ

संध्याकाळी साडेपाच. सातनंतर शेगडीसाठी रांग असते आणि दहाला बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघराला कुलूप लागतं.

फोडणी

इथं मी आपटलो होतो, म्हणून इथं सविस्तर.

एडिंबरा, फेब्रुवारी, रात्रीचे साडेआठ. घरी करतो तसंच केलं. तेल कडकडीत तापवलं, मोहरी, ठेचलेला लसूण, आणि त्याच तेलात दोन चमचे चटणी. चटणी पडली तशी काळी झाली. शेजारी पास्ता उकळत असलेल्या पोराला ठसका लागला, मग त्याच्या पलीकडच्या मुलीला, मग मला. हवा खेळती व्हावी म्हणून मी धावत जाऊन कॉरिडॉरचं दार सताड उघडलं. दहा सेकंदांत अख्ख्या इमारतीचा अलार्म वाजायला लागला. चारही मजल्यांवरची माणसं खाली फुटपाथवर. एकीच्या केसांत शाम्पूचा फेस तसाच होता, अंगावर टॉवेल आणि त्यावर कुणाचा तरी कोट. अग्निशमनची गाडी आली. आपल्याकडं "जाळ अन् धूर संगटच" हे मोठ्या मिजाशीत म्हणतात. मी तेव्हा पायात कापशी चप्पल घालून कडाक्याच्या थंडीत उभा होतो आणि हातात उलथनं होतं.

रात्रपाळीच्या माणसानं मला नंतर वर नेऊन छताकडं बोट दाखवलं. स्वयंपाकघरात जे लावलेलं होतं ते धूर ओळखणारं नव्हतं, उष्णता ओळखणारं होतं. स्वयंपाकघरात थोडा धूर होणारच, हे इमारत बांधणाऱ्यालाही कळतं. धूर ओळखणारं यंत्र होतं बाहेर, कॉरिडॉरमध्ये. म्हणजे दार बंद राहिलं असतं तर सगळे नुसते खोकले असते. दार उघडून धूर मीच त्या यंत्राच्या तोंडात नेऊन घातला होता. त्यामुळं "दार उघडं ठेवा" असं कुठं वाचलंत तर तो सल्ला देणारा फुटपाथवर कधी उभा राहिलेला नाही, एवढं समजा. दार बंद. खिडकी उघडी. चिमणी असेल तर ती कांदा चिरायच्या आधीपासून चालू.

सगळीकडं अशीच रचना असेल असं मात्र धरून चालू नका. छोट्या, घरासारख्या होस्टेलांत स्वयंपाकघरातही धुराचं यंत्र असतं. आत गेल्या गेल्या वर बघा, शंका आली तर खाली काउंटरवर विचारा. यातल्या बऱ्याच यंत्रांत आत प्रकाशाचा एक झोत असतो. धुराचे किंवा तेलाच्या वाफेचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि यंत्र ओरडतं. लाकूड जळतंय का लसूण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि यंत्रावर प्लास्टिकची पिशवी नाही तर अंघोळीची टोपी चढवायचा जो सल्ला फिरतो, तो देणाऱ्याला रस्साच काय, चहासुद्धा करू देऊ नये. वरच्या मजल्यांवर पन्नास-साठ माणसं झोपलेली असतात. एका रश्शासाठी त्यांचा पहारेकरी झोपवायचा? सापडलात तर त्याच रात्री सामानासकट बाहेर, आणि ते बरोबरच आहे.

आता शेगडी. घरी गॅस बारीक केला की जाळ बारीक होतो. तिथली शेगडी विजेची. बटण बंद केलं तरी तापलेली तबकडी कितीतरी वेळ तशीच राहते आणि वरचं तेल तापतच जातं. एक ते नऊ आकडे असतील तर पाचच्या पुढं जाऊ नका. तेल जास्त तापलं असं वाटलं की बटणाशी खेळत बसायचं नाही, पातेलं सरळ उचलून बाजूला ठेवायचं. घाण्याचं शेंगतेल बरोबर न्यायचा हट्टही सोडा. ते १६० अंशांच्या आसपास धुरायला लागतं, रिफाइंड तेल २३० पर्यंत दम धरतं. घरच्या तेलाची चव मलाही आवडते, पण ती कोल्हापुरात.

आणि मुख्य गोष्ट: चटणी तेलात घालायचीच नाही. मोहरीही नको, तांबड्या रश्शाचं तिच्यावाचून काही अडत नाही. सगळ्यात आधी वाटीत एक मोठा चमचा चटणी चार चमचे कोमट पाण्यात कालवून ठेवा. पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, पाचवर. जरा तापलं की बारीक चिरलेला कांदा घाला. तेल धुरायची वाट बघायची नाही. कांद्याला पाणी सुटत असतं, तोवर तेल फार तापत नाही. कडा लालसर झाल्या की लसूण आणि लगेच डब्यातला टोमॅटो, मीठ. टोमॅटो रटरटला की मग वाटीतली चटणी. आता तिच्याभोवती पाणी आहे, म्हणजे ती १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. करपत नाही, ठसका नाही. शेजारचा पास्ता उकळत राहतो.

यावर आमच्या पेठेतले जाणकार म्हणतात, चटणी तेलात पडली नाही तर कट येणार नाही. येतो, फक्त घाई चालत नाही. झाकण अर्धवट ठेवा, आकडा तीनवर आणा आणि पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून पातेल्याजवळ उभे राहा. आधी जाडसर फटफट आवाज येतो आणि शिंतोडे उडतात. पाणी आटत आलं की आवाज बारीक होतो, चुरचुरल्यासारखा. मसाला चमच्याला चिकटून एकत्र फिरायला लागतो आणि पातेल्याच्या कडेला केशरी तेलाची बारीक रेघ दिसते. ती रेघ सगळीकडून फिरली की झालं. त्याआधी पाणी ओतलंत तर नुसतं लाल पाणी मिळेल, वर कच्च्या तिखटाचा वास. आणि तेल दोन चमच्यांवर आणून आरोग्य सांभाळणार असाल तर कटाची आशा सोडा, उकडलेली अंडी नुसती मीठ लावून खा.

पुढचं

दोन मोठे कप गरम पाणी, उकळी, अर्धी वाटी नारळाचं दूध, सोललेली अंडी चीर देऊन आत. पाच मिनिटं. पाव शोधत फिरू नका, आपण मिसळसुद्धा स्लाइस ब्रेडशी खाणारी माणसं आहोत आणि स्लाइस ब्रेड जगात कुठंही मिळतो.

पातेलं लगेच घासा. प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डावर चटणी सांडू देऊ नका, तो डाग तुमच्यापेक्षा जास्त दिवस तिथं राहील. उरलेला रस्सा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, वर नाव आणि होस्टेल सोडायची तारीख लिहा. तारीख नसलेले डबे सफाईच्या दिवशी सरळ कचऱ्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशीचा रस्सा हा पहिल्या दिवसापेक्षा चांगला असतो.

निघताना उरलेली चटणी फुकटच्या फळीवर ठेवू नका. लिस्बनला मी ठेवली होती, चांगल्या मनानं. सकाळी बॅग पाठीवर टाकून निघालो, तर एक गृहस्थ ती बरणी उघडून टोस्टवर लोण्यासारखी पसरत होते. वाळवलेल्या टोमॅटोची पेस्ट समजून, चांगला जाड थर. मी दारातून ओरडेपर्यंत पहिला घास गेला होता. माझी बस चुकली, कारण मला आधी दूध शोधावं लागलं.