नोकरी, लहान मूल आणि डोक्यातली यादी: थोडं हलकं कसं व्हायचं

दमायला होतं ते कामाने कमी आणि डोक्यात सतत फिरणाऱ्या यादीने जास्त. मीटिंग चालू असते आणि आत डायपर संपत आलेत, लसीची तारीख आली, पाळणाघरात जादाचे कपडे द्यायचेत, हे चालूच. तर आधी एका रात्री बसून ही यादी कागदावर काढा, अगदी नखं कापण्यापर्यंत सगळं, आणि नवऱ्यासमोर ठेवा. पण "जरा मदत कर" म्हणू नका, मी दोन वर्षं हेच म्हणत बसले! मदत मागितली की लक्षात ठेवायचं काम आपल्याकडेच राहतं. अख्खं खातंच देऊन टाका. लसीकरण त्याचं म्हणजे तारीख बघणं, अपॉइंटमेंट घेणं, रजा टाकणं, नंतर रात्री ताप आला तर उठणं पण त्याचंच. आणि मग आठवण करून द्यायची नाही, हे सगळ्यात अवघड. मोजे उलटे घातले तरी गप्प बसायचं.

मग आजारपण. लहान मुलांना वर्षात ६ ते ८ वेळा सर्दी होणं नॉर्मल धरतात, पाळणाघरात जाणाऱ्यांना अजून जास्त, म्हणजे हे येणारच आहे, तरी आपण दरवेळी सकाळी थर्मामीटर हातात घेऊन आज घरी कोण राहणार यावर भांडतो. आधीच ठरवा, पहिला दिवस कोणाचा, दुसरा कोणाचा, दोघांनाही अडलं तर फोन कुणाला. एकटीने वाढवत असाल तर असे दोन फोन तरी हवेतच.

संध्याकाळी तुम्हाला बघताच मूल भोकाड पसरतं आणि सांभाळणाऱ्या सांगतात, दिवसभर तर किती शहाण्यासारखं होतं! मनाला लावून घेऊ नका, दिवसभर धरून ठेवलेलं रडू हक्काच्या माणसापाशीच सुटतं. पहिली १५ मिनिटं फोन पर्समधेच ठेवून सरळ जमिनीवर बसायचं, बाकी नंतर.

मूल झोपलंय तरी तुम्हाला झोप नाही, रडू येतंय, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवडे चाललं तर मात्र डॉक्टरकडे जा. बाळंतपणाला वर्ष झालं नसेल तर बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबरा स्केल नावाची १० प्रश्नांची चाचणी असते, १९८७ पासूनची, पाचेक मिनिटांत होते. ती भरताना चांगलं दिसेल ते नका लिहू, खरं ते लिहा.