कम्युनियनची भाकर मठात कशी करतात

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या क्लाइड गावच्या बेनेडिक्टाइन सिस्टर्स, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने मठात राहणाऱ्या नन्स, १९१० पासून कम्युनियनची भाकर करतायत, म्हणजे मिस्सा या चर्चच्या उपासनेत भाविकांना दिली जाणारी पातळ चकती, आणि त्यांची रीत समजून घेतली की कळतं, साहित्य किती कमी आणि काळजी किती जास्त लागते ते.

साहित्य दोनच, गव्हाचं पीठ आणि पाणी. यीस्ट, मीठ, साखर काहीच नाही, कॅथलिक चर्चचा नियमच तसा आहे, दुसरं धान्यही मिसळायचं नाही. पीठ पातळ कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, मग दोन तापलेल्या लोखंडी प्लेट्समध्ये ओतून दाबायचं, प्लेटवर कोरलेला क्रॉस पापडासारख्या पातळ शीटवर उमटतो.

आता खरी मेख. शीट गरम असताना लगेच कापाल तर तडकून चुरा होतो, म्हणून ती आधी दमट हवेत ठेवून थोडी नरम होऊ द्यायची, मगच गोल चकत्या कापायच्या, पुन्हा वाळवायच्या आणि तुटक्या, काळपटलेल्या चकत्या हाताने निवडून बाजूला काढायच्या. मला हे निवडणंच सगळ्यात सुंदर वाटतं. प्रार्थनेची वेळ झाली की हात थांबवायचे, कारण संत बेनेडिक्टच्या नियमात प्रार्थनेच्या आधी काहीच येत नाही, मिस्साची भाकरसुद्धा.