ग्रंथपालांनो, या चुका टाळा

एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) करताना आपण डीडीसीचे, म्हणजे पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाचे, आकडे घोकले आणि ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं पाठ केली. नोकरीत पदरात पडलं ते वेगळंच. एन-लिस्ट या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या सेवेचे पासवर्ड रीसेट करा, प्रबंधाचं इतर लिखाणाशी साम्य तपासा, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी आकडे काढा, कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर बसला की वायर हलवून बघा. कामाचं स्वरूप बदललं याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट मजा आहे. पण हे नवं काम शिकताना सगळीकडे तेच ते घोळ चाललेले दिसतात. आसपासच्या कॉलेजांतून फोन आला की मी सुट्टीच्या दिवशी जाते, आणि ठरलेल्या काही जागीच पाणी मुरत असतं. पुढच्या वेळी फोन करण्याआधी हे वाचा.

फाईल भरण्यासाठी शिकणं

2020 च्या लॉकडाउनमध्ये एक खूळ आलं ते अजून गेलेलं नाही. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनाची ऑनलाइन प्रश्नमंजूषा. पाच सूत्रं पुस्तकरूपात कोणत्या साली आली, पर्याय चार. उत्तर 1931. चाळीस टक्के मिळाले की मेलवर रंगीत ई-प्रमाणपत्र, दोन सह्या आणि एक लोगो. काहींनी अशी शेकड्यांनी जमवली.

निवड समितीवर बसले की अशा फाइली माझ्यासमोर येतात. 'कोहा हँड्स-ऑन'ची प्रमाणपत्रं लावलेली असतात. मी एवढंच विचारते, मार्क नोंदीत (पुस्तकाच्या संगणकीय नोंदीचा ठरलेला साचा) 245 क्रमांकाच्या रकान्यात काय जातं? शांतता. (ग्रंथनाम जातं. याहून सोपा प्रश्न मला सुचत नाही.) बढतीसाठी रिफ्रेशर, ओरिएंटेशन लागतं हे मला कळतं, तेवढं करा. पण कॅमेरा बंद ठेवून एकीकडे वेबिनार आणि दुसरीकडे पुस्तकांची देवघेव, याला शिकणं म्हणू नका.

माझी सवय सांगते. कार्यशाळेहून आलं की त्याच आठवड्यात ती गोष्ट स्वतःच्या मशीनवर करून बघायची. कोहा फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाने 1999 मध्ये ते बनवून घेतलं आणि 2000 पासून ते सगळ्यांना मोकळं आहे. एखाद्या जुन्या संगणकावर टाका, घरातली पन्नास पुस्तकं चढवा, घरच्यांना सभासद करा, दंड लावा. मग मुद्दाम काहीतरी बिघडवा आणि दुरुस्त करा. हे केलेला माणूस दोन मिनिटं बोलला की ओळखू येतो.

मराठी नोंदी मजुरीवर टाकणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इतका पैसा आणि इतकी वर्षं दुसऱ्या कशातच वाया जात नाहीत.

मराठवाड्यातलं एक जुनं कॉलेज. नॅकची भेट जवळ आली म्हणून प्राचार्यांनी घाई केली. मराठी पुस्तकांची एंट्री एका एजन्सीला दिली, दर नोंदीमागे ठरलेला. एजन्सीने दोन मुलं बसवली. त्यांनी पत्रिका आणि फ्लेक्स छापताना वापरतात त्या जुन्या फॉन्टमध्ये सगळं एक्सेलला उतरवलं. कोहात चढवल्यावर ओपॅकवर (वाचकांनी शोधायच्या ऑनलाइन कॅटलॉगवर) ग्रंथनामांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली फिरंगी अक्षरं. मग त्याच एजन्सीने जुन्या फॉन्टची अक्षरं बदलणारा कन्व्हर्टर फिरवला. आता अक्षरं देवनागरी दिसायला लागली. समिती आली, पाहून गेली, शेरा चांगला मिळाला.

पुढे काय झालं? विद्यार्थी ओपॅकवर नाव टाकायचे, उत्तर शून्य. ते जाऊन सरांना सांगायचे, पुस्तक लायब्ररीत नाही. सर मागणीपत्र द्यायचे आणि पुस्तक विकत घेतलं जायचं. काही वर्षांनी पुस्तकगणती झाली तेव्हा एकाच आवृत्तीच्या तीन-तीन कोऱ्या प्रती शेजारी शेजारी उभ्या होत्या. पहिली आधीपासून होती. बाकीच्या ओपॅकने विकत घ्यायला लावल्या.

कारण बघा. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य: दुसर्‍या. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरने दुसरा प्रकार भरलेला आणि पोरांच्या फोनचा कीबोर्ड पहिला देणारा. 'ॲ'चं तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या साठवायची प्रमाण पद्धत) स्वतंत्रपणे 2008 साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून किंवा हिंदीतला ऍ घेऊन भागवत होते. त्यामुळे 'ॲड.' तीन तऱ्हेने साठवलेलं सापडतं. शिवाय कन्व्हर्टरने रफार एक अक्षर अलीकडे-पलीकडे सरकवलेले, ते वेगळेच.

त्यात भर लेखकांच्या नावांची. देशपांडे, पु. ल.; पु.ल. देशपांडे, देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण, आणि एका ठिकाणी नुसतं 'पुल'. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या, मध्ये 'हेही पाहा' अशी नोंद नाही. कार्ड कॅटलॉगच्या काळात ही नोंद करणं शिपाईमामांनाही माहीत होतं. यंत्र आलं आणि आपण ती सोडून दिली, जणू यंत्राला कुसुमाग्रज कोण हे उपजत ठाऊक असतं!

मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. एजन्सी नेमायचीच असेल तर पहिल्या शंभर नोंदी मी स्वतः करते, दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहायची वही) आणि पुस्तक दोन्ही समोर ठेवून. मग त्या शंभरांवर शोध घेऊन बघते, एकदा फोनवरून, एकदा इनस्क्रिप्ट या कीबोर्डने, एकदा गूगलच्या टायपिंगने. तिन्हीकडून सापडलं तर पुढचं काम द्यायचं. 'ऱ्या' आणि 'ॲ'ची कोणती रूपं चालतील हे करारातच लिहून घ्यायचं, आणि एजन्सी तोंड वेंगाडते तेव्हा वेंगाडू द्यायचं. कोहात झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर अनुक्रमणी (इंडेक्स) आयसीयूवर, म्हणजे युनिकोड अक्षरं समजणाऱ्या पद्धतीवर, आहे ना ते तपासा. नसेल तर नोंदी कितीही शुद्ध असोत, देवनागरी शोध नीट चालणार नाही. बदल केल्यावर इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो, हे विसरून 'सेटिंग करून बघितलं, काही फरक नाही' म्हणणारे पुष्कळ.

आणि काउंटरवर एक साधी वही ठेवा, 'सापडलं नाही' या नावाची. वाचकाने ओपॅकवर जे टाइप केलं ते जसंच्या तसं तिच्यात लिहायचं, शुद्ध करून नाही. आठवड्याच्या शेवटी ती वही घेऊन बसलं की कॅटलॉगमधली सगळी भोकं दिसतात. माझ्याकडच्या निम्म्या दुरुस्त्या त्या वहीने शिकवल्या.

जुनं रेकॉर्ड रद्दीत घालणं

वरच्याच कॉलेजात कार्डांची लाकडी कपाटं 'आता संगणक आला' म्हणून काढून टाकली होती. त्यामुळे बिघडलेल्या नोंदी कशाशी ताडून बघायच्या हा प्रश्न उभा राहिला. नशिबाने दाखल नोंदवह्या शाबूत होत्या. नोंदवही कधीच टाकायची नाही, कार्डं निदान नव्या कॅटलॉगची पूर्ण तपासणी होईपर्यंत नाही. जागा अडते म्हणणाऱ्या प्राचार्यांना त्या दुबार पुस्तकांच्या पावत्या दाखवा.

बॅकअप त्याच मशीनवर

कोहा रोज रात्री बॅकअप घेऊन ठेवतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो ठेवतं त्याच डिस्कवर, आणि जुन्या फाइली काही दिवसांत आपणच पुसतं. डिस्क गेली की दोन्ही गेले. आठवड्याला एक प्रत बाहेर, म्हणजे दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. आणि वर्षातून एकदा तरी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. कधी उतरवलेलाच नाही असा बॅकअप हा नुसता विश्वास आहे.

साम्याची टक्केवारी म्हणजे निकाल समजणं

शोधशुद्धी ही प्रबंधातलं साम्य तपासणारी सेवा आली आणि ग्रंथपालाच्या टेबलाला एकदम वजन आलं. प्रबंध आणा, अपलोड करा, टक्के काढा, शिक्का मारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर बंदी, 60 च्या वर नोंदणी रद्द. हे कोष्टक भिंतीवर लावलं की काम झालं असं अनेकांना वाटतं.

त्याच नियमांत असंही आहे की संदर्भासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं, प्रमाण सूत्रं वगळून मोजायचं. न वगळता काढलेला आकडा बघून एखाद्या कायद्याच्या विद्यार्थ्याचं तोंड पांढरंफटक पडतं. त्याने फक्त कलमं उतरवलेली असतात.

याच्या उलटं जास्त वाईट. मराठी प्रबंधाचा अहवाल 2 टक्के येतो आणि मार्गदर्शक पेढे वाटतात. अहो, यंत्र ताडून बघणार कशाशी? ज्या पुस्तकांतून उतरवलं ती युनिकोडमध्ये ऑनलाइन नाहीतच. 1960 सालच्या एखाद्या समीक्षाग्रंथातली अख्खी प्रकरणं उचलली तरी आकडा हलत नाही. माझ्याकडे असा एक प्रबंध आला होता. अहवाल स्वच्छ, पण तिसऱ्या प्रकरणात भाषा अचानक पन्नास वर्षं मागे गेली, 'आहे'च्या जागी 'असे' आणि 'होय' अशा थाटाचे वळसे सुरू झाले. मी कपाटातून ते जुनं पुस्तक काढलं आणि शेजारी ठेवलं. विद्यार्थिनी काही बोलली नाही. मार्गदर्शक मात्र बोलले, 'पण सॉफ्टवेअर तर दोनच म्हणतं.'

म्हणून मराठी प्रबंधाला मी आकड्याबरोबर एक ओळ लिहून देते: तुलनेसाठी उपलब्ध मराठी सामग्री मर्यादित, कमी साम्य हा मौलिकतेचा पुरावा नाही. सही करायची तर ही ओळ राहील, हे आधीच सांगते. सुरुवातीला कुरबुर होते, मग सवय होते. आणि टक्के कमी करण्यासाठी शब्द बदलून देणाऱ्या दुकानांचे नंबर विचारायला येणाऱ्यांना मी लायब्ररीतला सगळ्यात लांबचा टेबल दाखवते आणि म्हणते, बसून स्वतः लिहा.

उरलेल्या, थोडक्यात

अख्खं पुस्तक स्कॅन करून विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे सेवा नाही. आपल्याकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायला कायद्याची मुभा आहे, वाटायला नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या जानेवारीपासून.

सगळ्यांना एकच पासवर्ड, कॉलेजचं नाव आणि एकदोनतीन. करू नका.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आहे म्हणजे नियतकालिक चांगलं, असं नाही. तो क्रमांक कुणालाही मिळतो. 2025 मध्ये यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) बंद झाल्यापासून प्राध्यापक ग्रंथपालाकडेच विचारायला येतात, तेव्हा यादी शोधत बसू नका, संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून तुमचं नाव खरंच तिथे आहे का ते विचारा. उत्तरं गमतीदार येतात.

चॅटजीपीटीने दिलेली संदर्भसूची घेऊन कुणी आलं तर आधी खंड, अंक आणि पानं ताडा. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख कधी लिहिलाच गेला नाही, असं आता रोज दिसतं. मुलाला रागवू नका, त्याच्याच हाताने डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकून बघायला लावा.

आणि संस्थेची खाती स्वतःच्या मोबाइलवर काढू नका. एका कॉलेजात ग्रंथपाल निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले, आणि डोमेन नूतनीकरणाचा ओटीपी त्यांच्या बंद झालेल्या सिमवर जात राहिला. ओपॅक पंधरवडाभर अंधारात. कॉलेजच्या नावाचं एक सिम घ्या, ते ग्रंथालयाच्या कपाटात ठेवा, आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा.