खुरप्याला पाणी देताना

ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घ्या. शाळूच्या काळ्या रानात हेच पोलाद टिकतं. शिकायला आलेली पोरं घणाला हात घालतात, मी आधी भात्यावर बसवतो. रंग ओळखता आला की मग ऐरण. पातं केशरी असेतोवरच ठोका, लाली उतरल्यावर ठोकलं तर चीर जाते. पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून धार कडक करायची, ते सावलीत. सोलापूरच्या उन्हात रंग कळतोय कुठं! चुंबक धरेनासं झालं, म्हणजे साधारण ७७० अंश, की जरा आणखी तापवून धार तेलात बुडवा. पाण्यात बुडवलं तर हे पोलाद तडकतं. धारेवर कानस न चावता घसरली म्हणजे जमलं. मग कडकपणा जरा उतरवायला पातं घासून उजळा, पाठीकडून मंद आच द्या. धारेवर गडद पिवळा रंग चढताच गार करा, निळ्यावर गेलं तर धार मऊ. मूठ बाभळीची.