किप्पूरचा उपास पहिल्यांदा धरताय?

सण जवळ आला की घरातल्या पोरी फोन करून तेच तेच विचारतात. मावशी, पाणीसुद्धा नाही? गोळी घेतली तर चालेल? पायात काय घालू? म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. इथे जे सांगते ते आमच्या घरच्या पद्धतीने. बगदादी किंवा कोचीनच्या यहुद्यांकडे बारीकसारीक फरक असतील, पण गाभा तोच.

योम किप्पूर म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी. शेजाऱ्यांच्या पंचांगात बघाल तर भाद्रपद नाहीतर अश्विन शुद्ध दशमीच्या आगेमागे. २०२५ साली तो २ ऑक्टोबरला, नेमका दसऱ्यालाच आला. २०२६ मध्ये २० सप्टेंबरला रविवारी सूर्यास्ताआधी उपास बसतो आणि सोमवारी रात्री तारे दिसले की सुटतो. साधारण पंचवीस तास, कडक निर्जळी. साबुदाणा, शेंगदाणे, केळं असलं काही डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका.

आता खरं काम. उपास पोटाने धरायचा असला तरी त्याची तयारी आठ-दहा दिवस आधी तोंडाने करावी लागते, आणि तीच सगळ्यांना जड जाते. देवापाशी काही चुकलं असेल तर या दिवशी देव माफ करतो. पण माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय किप्पूरचा काही उपयोग नाही, असं मिश्ना हा आमचा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथच सांगतो. तेव्हा रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, तेव्हापासून यादी करा. आणि मेहेरबानी करून व्हॉट्सॲपवर सगळ्या गटांना एकच हात जोडलेला निरोप ढकलू नका. ‘कळत नकळत काही चुकलं असेल तर’ याला माफी म्हणत नाहीत. काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं. समोरच्याने नाही ऐकलं तर पुन्हा जायचं, तीन वेळा जायचं. उधारी असेल तर आधी पैसे द्यायचे, मग माफी.

माझ्या बाबांचा आणि थोरल्या काकांचा नारळाच्या वाडीवरून कोर्टात दावा होता. सणाच्या आदल्या दुपारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून काकांच्या ओटीवर जाऊन उभे राहायचे. ‘भाऊ, मागच्या तारखेला चारचौघांत तुम्हाला खोटारडा म्हणालो. माफ करा.’ काका सुपारी कातरत म्हणायचे, ‘केलं. मीही वकिलासमोर तुझ्या बायकोचं नाव काढलं होतं, ते सोडून दे.’ मग चहा व्हायचा. दावा पुढे चालूच राहिला, वाडीचा निकाल वाडीच्या जागी. पण त्या एका शब्दाचा हिशेब त्या ओटीवर मिटायचा. माफी मागायची ती अशी.

शरीराची तयारी त्यामानाने सोपी. दिवसाला चार कप चहा पिणाऱ्यांनी चार-पाच दिवस आधीपासून एकेक कप कमी करा. सोमवारी दुपारी कपाळ ठणकतं ते भुकेने नाही, चहाने. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, पण सकाळपासून थोडं थोडं. शेवटच्या दहा मिनिटांत तांब्या रिकामा करून काही होत नाही. उपासाआधीचं जेवण साधं ठेवा: भात, कमी तिखट रस्सा, एखादी भाजी. लोणचं, पापड, खारवलेली मासळी अजिबात नको.

पुऱ्याही आदल्या दिवशीच करायच्या, कारण किप्पूरच्या दिवशी चूल नाही. आमच्या पुऱ्या म्हणजे तुमच्या करंज्यांच्या बहिणी. सारणात भाजलेला रवा, साखर, चारोळी, किसमिस, वेलची. ओलं खोबरं दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकत नाही, म्हणून सुकं घ्या. आणि रवा तुपावर भाजू नका. उपास सोडताना ताटात मटण असलं तर तुपाचं काही त्यासोबत चालत नाही; तेल वापरलं की प्रश्नच मिटला. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करून ठेवा. हाब्दालाला, म्हणजे सण संपताना म्हणायच्या आशीर्वादाला, तेच लागतं.

सूर्यास्ताआधी आंघोळ उरका. नंतर अंगाला पाणी नाही, तेल-अत्तर नाही, चामड्याचं पादत्राण नाही, नवरा-बायको एकत्र नाहीत. खाण्यापिण्याचं धरून ही पाच बंधनं. सकाळी फक्त बोटांपुरते हात धुवायचे. ब्रश नाही, चूळ नाही. सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो, लाजू नका. कपडे पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट किंवा रबरी चप्पल. कमरेचा पट्टा चामड्याचा असला तर चालतो, बंधन पायांपुरतंच आहे. फ्रिजमधला दिवा आधीच काढून ठेवा, मोबाइल बंद करून कपाटात टाका, आणि पंचवीस तासांहून जास्त टिकेल असा एक दिवा लावा. हाब्दालाची वात त्याच ज्योतीवर पेटवायची असते.

आता आजारी माणसांबद्दल, आणि इथे मी वाद ऐकून घेत नाही. मधुमेह, रक्तदाब, किडनीचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टर खा म्हणाले तर खायचं, तोच धर्म. जिवापुढे उपास नाही. बाळंतिणीने पहिले तीन दिवस उपास धरायचाच नाही. थोडक्यावर भागत असेल तर एका वेळी ३० मिलिलिटरहून कमी घेऊन मग नऊ मिनिटं थांबायचं, अशीही सोय शास्त्रात आहे. नऊ वर्षांखालच्या पोरांना उपाशी ठेवू नका. मुलींना बारा आणि मुलांना तेरा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण उपास.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, पहिल्या संध्याकाळी कोल निद्रे ही नवस-शपथांतून मोकळं होण्याची प्रार्थना तीनदा म्हणतात, त्याला उशिरा जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना, मग मुसाफ ही जादाची, मिनहा ही दुपारची आणि शेवटी नेइला ही समारोपाची. कबुलीच्या वेळी उभं राहून छातीवर मूठ ठेवत अपराध एकेक करून म्हणायचे, तेही ‘आम्ही केलं’ असे, ‘मी’ नाही. दुपारी दोन ते चार सगळ्यांत वाईट. गळून गेल्यासारखं वाटलं तर बसा, भिंतीला टेका. सब्जाची डहाळी हुंगा, वास घ्यायला बंदी नाही. मिनहाला माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याची गोष्ट वाचतात, तेव्हा पेंगलेलेही जागे होतात. नेइलाला हेखालचं, म्हणजे धर्मग्रंथाच्या कपाटाचं, दार उघडं असतं आणि ज्याला जमेल तो शेवटपर्यंत उभाच राहतो. मग शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजतो.

१७९६ साली मुंबईत शाआर हारहमीम हे पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. त्याआधी कोकणातल्या आपल्या लोकांकडे ना सिनेगॉग, ना तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी. तरी हा दिवस त्यांनी सोडला नाही. पांढरे कपडे घालून घराचं दार लावून आत बसायचे, म्हणून आजी याला दारफाळणीचा सण म्हणायची. इस्रायलला गेलेली आपली मंडळी सांगतात की तिकडे हमरस्त्यावर गाडी नसते आणि पोरं मधोमध सायकली फिरवतात. १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध याच दिवशी, ६ ऑक्टोबरला सुरू झालं. इथे मात्र बाहेर ट्रॅफिक आणि गणपतीचे ढोल असणारच. आतली खिडकी लावून घ्या, कुरकुर करू नका.

शोफार वाजला की लगेच ताटावर तुटून पडू नका. आधी हाब्दाला, मनुकांचं शरबत, एक पुरी, पाणी. पाऊण तासाने जेवण. मटण बाधत असेल तर वरणभात खा, कोणी नाव ठेवत नाही.

दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि नातेवाइकांकडे जायचं, पुऱ्या थोड्या जास्त करा त्या त्यासाठी. सुक्कोथला, म्हणजे आमच्या मांडवांच्या सणाला, तेव्हा जेमतेम चार दिवस उरलेले असतात. उपास सुटल्या रात्रीच मांडवाच्या कामाला हात लावायची रीत आहे, पण झावळ्या कोण आणणार ते आधीच्या आठवड्यातच ठरवून टाका, कारण त्या रात्री विचारलंत तर एकही पुरुष कानावर घेत नाही.